सातव्या होलाचा अर्ज

रानमळा गोल्फ क्लबच्या सातव्या होलाने शनिवारी सकाळी सभासदत्वासाठी रीतसर अर्ज केला. अर्ज ठरलेल्या नमुन्यात होता, तीन प्रतींत होता आणि सहीच्या जागी ओल्या मातीचा एक नीटस गोल होता. सचिव गोगट्यांनी तो गोल प्रत्यक्ष जाऊन होलाच्या कडेशी ताडून पाहिला आणि ‘सही जुळते’ असा शेरा मारला. सूचक म्हणून परचुरे वकिलांचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा चेंडू एकाच फटक्यात सातव्यात गेला होता आणि ते उपकार ते विसरले नव्हते.

बातमी आधी कळली ती कुमुदताई सबनिसांना, कारण क्लबचं साप्ताहिक वार्तापत्र त्याच काढत. चार पानं, दर शनिवारी. कोणी किती फटक्यांत फेरी पुरी केली, कोणाच्या नातवाचं बारसं झालं, रविवारच्या मिसळीला तर्री कमी का पडली, हाऊजीत फुल हाऊस कोणाला लागलं. अगदी शेवटी उपस्थिती. शनिवारची हाऊजी चुकवणं सभासदाला शोभत नसे, त्यामुळे ती ओळ गेली सहा वर्षं बदललीच नव्हती : ‘उपस्थित सभासद : बासष्ट. पाहुणे : एक.’

तो एक पाहुणा म्हणजे खुद्द कुमुदताई. अप्पा सबनीस होते तोवर त्या सभासदाच्या पत्नी होत्या. अप्पा गेले आणि त्यांच्याबरोबर तो हक्कही गेला. तेव्हापासून दर शनिवारी दारातल्या पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायचं आणि मग आत जाऊन क्लबच्या बातम्या लिहायच्या, असा त्यांचा क्रम होता. तीनदा त्यांनी अर्ज केला. तिन्ही वेळा मुलाखतीचं पत्र आलं आणि तिन्ही पत्रांत नियम अकरा अधोरेखित होता : ‘उमेदवाराने मुलाखतीस पती अथवा पत्नीसह उपस्थित राहावे.’

“वहिनी, माझ्या हातात असतं तर!” गोगटे दर वेळी म्हणत. “पण नियम आहे हो.”

कुमुदताईंना त्या वहीची लाज वाटे, आणि लाज वाटते याचा त्याहून जास्त राग येई.

दुपारी त्या घडीचं स्टूल घेऊन सातव्या हिरवळीवर गेल्या.

“सभासद व्हावंसं का वाटलं?” त्यांनी विचारलं.

“हाऊजी,” होल म्हणाला. आवाज खालचा होता, पण स्पष्ट. “दर शनिवारी आकडे इथवर ऐकू येतात. हातात तिकीट मात्र नाही. किती वर्षं नुसतं ऐकायचं?”

कुमुदताईंनी लिहून घेतलं.

“तुमच्या मिस्टरांना ओळखत होतो,” होल पुढे म्हणाला. “सहा फटक्यांच्या आत कधी पोचले नाहीत. पण पोचले की आधी नमस्कार म्हणायचे. आता कोणी म्हणत नाही.”

हे मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही. स्टूल उचलून निघताना त्या वाकल्या आणि “नमस्कार” म्हणाल्या.

छाननीत पहिली हरकत पत्त्याची निघाली. हिरवळ एकाच जागी झिजू नये म्हणून मुख्य माळी बाबू घाडगे दर शुक्रवारी होल एका जागेवरून काढून चार पावलांवर बसवी आणि जुनी जागा बुजवून टाकी. साहजिकच अर्जात कायमचा पत्ता कोरा होता. समितीने बाबूला बोलावलं.

“जागा बदलती सायेब, होल त्योच,” बाबू म्हणाला. “माझी बी चार गावांला बदली झाली. म्हनून मी काय दुसरा बाबू झालो व्हय?”

हरकत मागे घेण्यात आली. दुसरी हरकत कॉलरची होती. क्लबात बिनकॉलरीचं कोणी चालत नसे. बाबूने होलाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा स्वच्छ पट्टा ओढला आणि तीही मिटली.

घोडं अडलं ते नियम अकरावर. होलाला कार्यालयात येणं शक्य नसल्याने समितीचे पाचही जण मुलाखतीसाठी हिरवळीवर गेले आणि गुडघे टेकून ओणवे झाले. अध्यक्ष डॉ. मोहोळकर दातांचे डॉक्टर होते. चाळीस वर्षं भोकांशी संबंध, पण तो बुजवण्यापुरता. एखाद्याशी बोलायची वेळ प्रथमच आली होती.

“पत्नी?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग मुलाखत घेता येणार नाही,” डॉक्टर ओणव्यानेच म्हणाले. अर्जावर ‘अपूर्ण’ असा शिक्का बसला.

सोमवारी सकाळी डॉक्टरांचा चेंडू सरळ सातव्याकडे गेला, कडेपाशी पोचला आणि थांबला. डॉक्टरांनी पुन्हा हलकेच टोलवला. चेंडू पट्ट्यावरून गोल फिरून बाहेर आला.

“एकटा आलाय,” होल म्हणाला. “जोडीने आला तर बघू.”

मंगळवारपर्यंत सातव्यावर अकरा खेळाडू खोळंबले होते. बुधवारी गोगट्यांनी दोन चेंडू एकदम ढकलून पाहिले. होलाने दोघांच्या लग्नाचा दाखला मागितला. गोगट्यांनी हात टेकले. शिवाय रविवार तोंडावर आला होता. रविवारी भोरकडा क्लबशी वार्षिक चषकाचा सामना होता, तो रानमळा सलग अकरा वर्षं हरला होता आणि यंदा तर सातव्याच्या पुढे कोणी जाण्याचीच चिन्हं नव्हती.

गुरुवारी समितीने ठराव केला : ‘विशेष बाब म्हणून, केवळ सातव्या होलापुरती, नियम अकरामध्ये सवलत देण्यात येत आहे.’ ठराव होलाला वाचून दाखवायचं काम कुमुदताईंकडे आलं. होलाशी धड बोलता येणारं क्लबात दुसरं होतं कोण?

वाटेत त्यांनी तो कागद दोनदा वाचला. ‘केवळ’ या शब्दापाशी दोन्ही वेळा पाय अडखळले. फाडून टाकावा, असं एकदा मनातही आलं. पण स्टूल मांडून त्यांनी तो खणखणीत आवाजात शेवटपर्यंत वाचला.



“यात तुमचं काय?” होलाने विचारलं.

“माझं काय असणार? मी वार्ताहर.”

“तुमचे तीन अर्ज पडून आहेत. गोगटे फोनवर बोलत इथूनच जातात. मला सगळं ऐकू येतं.”

सहा वर्षांत ही गोष्ट कोणी आपणहून काढली नव्हती.

“तुम्हाला सवलत मिळतेय,” त्या म्हणाल्या. “घेऊन टाका. शनिवारी हाऊजी आहे.”

“इतकी वर्षं थांबलोय. परत न्या तो कागद. सवलत नको म्हणावं. नियम बदला.”

कुमुदताई तरातरा चालत आल्या आणि दारातल्या वहीकडे न बघता थेट समितीच्या खोलीत शिरल्या. एरवी त्या खोलीत पाहुण्यांना मज्जाव होता, पण तसं सांगायची कोणाची छाती झाली नाही.

“ठराव परत आलाय,” त्यांनी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. “त्याचं म्हणणं, सवलत नको, नियम बदला. आणि माझंही तेच म्हणणं आहे. एकट्या माणसाला काय विचारायचं ते एकट्याला विचारा. माझा नवरा मी कुठून आणू, हे तीनदा पत्र पाठवताना तुमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही?”

गोगटे टेबलावरचा पंचिंग मशीनचा कचरा गोळा करू लागले. मग डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पेन उचललं. ‘पती अथवा पत्नीसह’ हे शब्द त्यांनी स्वतः खोडले.

“चुकलंच, वहिनी,” ते म्हणाले. “बसा ना.”

शुक्रवारी सकाळी होलाची मुलाखत सात मिनिटांत आटोपली. दुपारी कुमुदताईंचा चौथा अर्ज दाखल झाला. सूचक किमान पाच वर्षं क्लबात असावा, अशी अट होती आणि होल सत्तर वर्षं होता. सूचकाच्या रकान्यात ओल्या मातीचा नीटस गोल होता. गोगट्यांनी तो जाऊन ताडून पाहिला. संध्याकाळी कुमुदताई मुलाखतीला एकट्या गेल्या आणि दोन कप चहा, एक पॅटिस संपवून बाहेर आल्या तेव्हा सभासद होत्या.

शनिवारी होलाचं तिकीट बाबूने हिरवळीवर पोचवलं. फुल हाऊस त्यालाच लागलं. बक्षिसाचा थर्मास आत मावेना, म्हणून तो झेंड्याशेजारी ठेवण्यात आला.

रविवारी चषक अकरा वर्षांनी रानमळ्यात आला. डॉक्टरांचा चेंडू सातव्याच्या कडेवर थांबला असता होल हलकेच खोकला आणि चेंडू आत पडला, अशी भोरकड्याच्या कप्तानाने लेखी तक्रार केली. खोकल्याविषयी नियम नसल्याचं पंचांनी नोंदवलं.

पुढच्या वार्तापत्रात सामन्याचा वृत्तान्त तीन पानं भरून होता. चौथ्यावर हाऊजी, मिसळ, एक बारसं. आणि अगदी शेवटी, कुमुदताईंनी तीनदा लिहून तीनदा तपासलेली शनिवारची ओळ :

‘उपस्थित सभासद : चौसष्ट. पाहुणे : कोणी नाही.’