खासनिसांचं आम्ल

खासनीस कुणी भेटलं की नमस्कार करत नसत, मनगट धरत. नाडी बघायला नव्हे. दोन बोटांनी शीर दाबायची, डोळे मिटायचे आणि मयताच्या घरी बोलावं तशा आवाजात सांगायचं, “आत स्केल धरलंय.” पाइपात क्षारांचा थर बसतो, त्याला ते स्केल म्हणत. आमच्या ह्यांच्याच कारखान्यात ते बॉयलरचे इंजिनियर होते. तीस वर्षं पाइप बघून बघून त्यांना माणसं दिसायची बंद झाली होती. “पाइप तो पाइप, वहिनी. लोखंडाचा काय आणि मांसाचा काय!” हे वाक्य दिवसातून चारदा ऐकावं लागे.

नव्वद सालानंतर ह्यांची बंगळूरला बदली झाली. हेब्बाळच्या बाजूला कारखान्याच्या क्वार्टर्स होत्या. घर ऐसपैस, हवा छान, आणि समोरच्या दारात खासनीस. सगळंच चांगलं मिळालं तर देवाला आठवायचं कुणी! ते एकटेच राहत. बायको आम्ही येण्याआधीच वारली होती, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. अशा माणसाशी तिने संसार तरी कसा केला असेल, असं माझ्या मनात यायचं.

त्यांचा भाचा अमेरिकेत होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पांढऱ्या पावडरीचे डबे पाठवायचा. एल-अर्जिनिन. म्हणजे एक अमिनो आम्ल. खासनीस नुसतं ‘आम्ल’ म्हणत, तेही घरातल्या मुलाचं नाव घ्यावं इतक्या प्रेमाने. हे आम्ल पोटात गेलं की शरीर त्यातून एक वायू तयार करतं, वायूने धमन्या सैलावतात आणि त्यांच्या अस्तराला चरबी चिकटत नाही. कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांवर म्हणे गुणही आला होता. मी म्हटलं, “भाऊजी, सशांचं ठीक आहे. माणसांचं काय?” तर म्हणाले, “माणसांचं सिद्ध व्हायचंय. पण सिद्ध होईपर्यंत थांबायचं कुणी?” उंटावरचा शहाणा ऐकलं होतं, ते क्वार्टर्समध्येही राहतात हे तिथे कळलं.

डबा संपला की शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया. त्यांतही हे आम्ल असतं. भाजीवाली भोपळा चिरायला घेई तेव्हा खासनीस पिशवी उघडून उभे. “येन सार, बरी बीजाना?” ती विचारायची. नुसत्या बियाच का, साहेब? “हौदम्मा, बरी बीज,” खासनीस अभिमानाने सांगत, आणि ती बाई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावी. मग त्या बिया गॅलरीत वाळत पडायच्या आणि कावळे आमच्याकडे यायचे.

एकदा मंडळाच्या गणपतीत पंचामृत करायचं काम कुणीतरी ह्या गृहस्थांवर सोपवलं. झालं! दूध, दही, तूप, मध, साखर आणि सहावं आम्ल. पळीभर तीर्थ घेतलेली पहिली रांग अशी तोंडं करून परतली की मागच्यांना वाटलं, आत काही अशुभ घडलंय. इतकं करून खासनीस मूर्तीशेजारी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, “कडवट लागेल स्वल्प, पण अख्ख्या मंडळाच्या धमन्या साफ!” पुढल्या वर्षी त्यांना चपला सांभाळायला बसवलं. तिथेही येणाऱ्याजाणाऱ्यांची मनगटं होतीच.

इथवर मी हसत होते. मग एके दिवशी आमचे हे जिना चढताना मधेच बसले. तपासण्या झाल्या. तीन धमन्या तुंबलेल्या, बायपास करावी लागेल, आणि उशीर करू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुढचा सोमवार ठरला. आमचे हे कारखान्यात वाघ, पण इंजेक्शनची सुई दिसली की घाम फुटायचा. खासनीस येऊन म्हणाले, “पंधरा दिवस द्या मला, पाटणकर. छाती फाडायची गरज पडणार नाही.” बुडत्याला काडीचा आधार! ह्यांनी मला न विचारता हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन पुढे ढकललं.

कळलं तेव्हा रविवारची सकाळ होती. मी हातातलं पीठही न धुता समोरच्या दारात गेले. खासनीस ओट्याशी पावडर मोजत होते. भिंतीवर एक तक्ता लावलेला. बॉयलरच्या देखभालीचा असतो तसा. वर लिहिलं होतं, ‘पाटणकर’, आणि खाली पंधरा दिवसांचे पंधरा चौकोन.

“ह्यांना काही झालं तर जबाबदारी घेता?” मी ओरडलेच. “घेता ना? मग लिहून द्या! माझा नवरा तुमचा बॉयलर नाही आणि ससाही नाही!”

त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता पाइप तो पाइप म्हणतील. ते म्हणाले, “वहिनी, आमचं शटडाउन माहीत आहे ना तुम्हांला?”

माहीत होतं. वर्षातून एकदा सगळे बॉयलर थांबवून, उघडून, साफ करतात. त्या दिवसांत कुणालाही रजा मिळत नाही.

“सुमनलाही, माझ्या बायकोला, डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. आठवड्यात करून टाका म्हणाले. माझं शटडाउन चालू होतं. तीच म्हणाली, होऊ दे तुमचं, मग करू. मी बरं म्हटलं.” त्यांनी तक्त्याकडे बघितलं. “चौदाव्या दिवशी बॉयलर पुन्हा पेटवला. घरचा फोन तिथेच आला.”

मी हातावरचं पीठ पदराला पुसलं.

“ह्या पावडरीचं मी नंतर वाचलं. एक तरी माणूस ऑपरेशनशिवाय बरा झालेला बघायचा होता मला, वहिनी. म्हणजे मग मी थांबलो ते…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तक्ता भिंतीवरून काढला आणि माझ्या पुढे होऊन आमच्या घरात शिरले.

“पाटणकर, हॉस्पिटलला फोन लावा. माझ्यासमोर लावा.”

“अहो, पण तुम्हीच म्हणालात…”

“मी बॉयलरवाला आहे. डॉक्टर नाही. लावा.”

सोमवारची वेळ नशिबाने अजून मोकळी होती. ऑपरेशन सहा तास चाललं. मी बाहेरच्या बाकावर आणि शेजारी खासनीस. त्यांनी ना माझं मनगट धरलं, ना आम्लाचं नाव काढलं. दुपारी ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा दिवा विझला, डॉक्टर बाहेर येऊन “सगळं नीट झालं” म्हणाले, तेव्हा मी रडले आणि खासनीस माझ्याहून जास्त रडले. त्या माणसाला मी तीन वर्षं हसले होते, याची मला तेव्हा लाज वाटली.

जरा सावरल्यावर मला आठवलं, ह्या वर्षीचं शटडाउन त्याच दिवशी सुरू झालं होतं.

“भाऊजी, तुम्हांला रजा कशी दिली त्यांनी?”

“मागितली नाही,” खासनीस म्हणाले.