बाबांचं उतरवलेलं वजन

फोटोवरचा कागद फाडला गेला आणि घरातली चार माणसं एका परक्या गृहस्थाकडे बघत राहिली.

गृहस्थ तसे देखणे होते. गाल बसलेले, हनुवटी टोकदार, खांदे कवायतीच्या मास्तरांसारखे ताठ. हातात जाडजूड पुस्तक आणि छातीपाशी, काहीही कारण नसताना, एक फुलदाणी. कान तेवढे बाबांचे होते. बाकीचा माणूस कुठून आला होता कुणास ठाऊक.

"हे कोण?" थोरलीने विचारलं.

आईने चष्मा काढून पुसायला घेतला. ज्याने जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं तो धाकटा खाली वाकून कागदाचे कपटे वेचू लागला. शेवटी आत्याच म्हणाली, "चांगला आलाय की. किती शांत दिसतोय दादा."

"दिसणारच," थोरली म्हणाली. "तो दादा नाहीच मुळी."

तिने फोटो तसाच काखेत मारला आणि चपला पायात सरकवल्या. उद्या सकाळी दुकान उघडायचं होतं. बाबा गेल्यापासून त्याला कुलूप होतं, आणि उद्यापासून गल्ल्यावर ती स्वतः बसणार होती. मागच्या भिंतीवर बाबा असावेत एवढीच तिची मागणी होती. बाबा म्हणजे बाबा, त्यांच्या कानांचा कुणी दुसरा इसम नव्हे.

दुकान वजनकाटे दुरुस्त करण्याचं होतं. भाजीवाल्यांचे तराजू, दवाखान्यातले बाळांचे काटे, गोदामातले माणूसभर उंचीचे काटे, सगळे बाबांच्या हाताखालून जायचे. बाबा चांगले भरदार होते. नवा काटा आला की आधी स्वतः त्यावर चढायचे आणि म्हणायचे, "मी चालतंबोलतं प्रमाणवजन. माझ्यावर जो काटा खोटं बोलेल तो दुनियेला फसवील." गिऱ्हाईक हसायचं, बाबाही हसायचे, पण काटा बरोबर होईस्तोवर तो दुकानाबाहेर जायचा नाही.

गेले ते फुप्फुसांच्या तापाने. डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. पण भेटायला येणाऱ्यांना डॉक्टरांची गरजच नव्हती. "वजन होतं ना फार," असं एकाने दारातच चपला काढताना सांगितलं. दुसऱ्याने "खाण्याची आवडच नडली" हे निदान बशीतलं शेवटचं बिस्किट उचलत केलं. आणि निघताना बहुतेकांची नजर थोरलीवरून खालीवर फिरायची, कारण बांधा तिने बाबांचाच घेतला होता. "तू आता जपून हो," असं म्हणून ते जायचे. थोरली दार लावून घ्यायची. जोरात.

फोटो शोधायला घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. घरात फोटो ढिगाने होते, बाबा एकातही नव्हते. पूर्वी कधीतरी आत्या म्हणाली होती, "दादा, तू उभा राहिलास की दोघं बाहेर जातात." तेव्हापासून फोटो काढायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं. सगळे मावेपर्यंत ते मागे मागे जायचे. एकदा तसेच जाऊन मागच्या कारंज्यात बसले होते.

एकच फोटो सापडला, थोरलीने स्वतः मोबाइलवर काढलेला. दुकानासमोरच्या बर्गरवाल्याकडचा. बाबांच्या पुढ्यात तिथलं सगळ्यात मोठं जेवण, म्हणजे तीन मजली बर्गर, फ्राईजचा डोंगर, तळलेल्या कोंबडीचे तुकडे आणि बादलीएवढा पेला. पेल्यात डाएट कोला. बाबा कॅमेऱ्याकडे बघून डोळ्यांपर्यंत हसत होते. त्या पेल्यावरून आत्या त्यांना वर्षानुवर्षं छळत आली होती. "एवढा डोंगर गिळायचा आणि वर डाएट. म्हणजे घर जाळून झाल्यावर काडी फुंकर घालून विझवायची." सगळे हसायचे. थोरलीही हसलेली होती. पण फोटो छापायला दिला तेव्हा "आहे तसाच मोठा करा" एवढंच तिने सांगितलं होतं, आणि तेही नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

फोटोवाला तिला बघून खूश झाला.

"ओळखू आले नाहीत ना?" त्याने विचारलं. "सगळे हेच म्हणतात. लोक महिनोन्महिने घाम गाळतात, मी एका दुपारीत उतरवतो."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तुम्ही काय सांगितलं ते बरोबर आहे हो. पण नंतर आईंचा फोन आला ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फोटोवाल्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं, उलट प्रत्येक पायरीचा त्याला अभिमान होता. आईने फोन करून सांगितलं होतं, हनुवटीखालचं तेवढं थोडं कमी करा, थोरलीला बोलू नका. त्याने केलं. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला, पोटाचं बघा जरा, दुकानात लोक येणार, आईला बोलू नका. तेही त्याने बघितलं. पोट गेलं तेव्हा खांदे अंगावर येऊ लागले, ते त्याने आपल्या मनाने बसवले. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः येऊन खुर्चीवर बसली. तिने गाल काढायला लावले, ट्रे काढायला लावला, आणि तो पेला आधी काढा म्हणाली, मेल्यावर तरी माणसाचं हसं नको.

"गाल गेल्यावर डोकं मोठं दिसायला लागलं," फोटोवाला म्हणाला. "मग डोकं घेतलं थोडं आत."

"डोकं."

"थोडंसंच. आणि पेला काढला तर हात रिकामा, काहीतरी धरल्यासारखा. म्हणून पुस्तक दिलं. एका वकिलांच्या फोटोतलं आहे, चांगलं कायद्याचं आहे."

बाबांनी आयुष्यात कायद्याचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. वकिलांचा एक काटा मात्र त्यांनी दुरुस्त केला होता, बायकोपासून लपवून घेतलेला न्हाणीघरातला. थोरलीने हे सांगितलं नाही. तिने फुलदाणीवर बोट ठेवलं.

"आणि हे काय?"

पहिल्यांदाच फोटोवाल्याचा चेहरा जरा पडला. "तिथे एक हात आहे हो. निघतच नाही. काढला की शर्टाला भोक पडतं. म्हणून वर फुलं ठेवली."

"कुणाचा हात?"

"मलाच तुम्हाला विचारायचं होतं."

थोरलीने खुर्ची ओढली. खुर्चीला हात होते, म्हणजे तिच्यासारख्यांनी बसू नये अशी ती केलेली होती. ती उभीच राहिली. "मागे न्या," ती म्हणाली. "जे जे केलंत ते एकेक उलटं करा. मला बघायचंय."

तो नाखुशीने पडद्यापाशी बसला. आधी फुलदाणी गेली. मग वकिलांचं पुस्तक गेलं, हातात पेला आला आणि पुढ्यात ट्रे. डोकं आपल्या मापावर आलं. गाल भरले. खांदे खाली उतरून सैल झाले, पोट परत येऊन टेबलाला टेकलं, शेवटी हनुवटीखाली ती मऊ घडी पडली, जिच्यात लहानपणी थोरली नाक खुपसून झोपायची. थोडं थोडं करून तो माणूस परत बाबा झाला आणि हसला.

फोटोवाला काहीतरी बोलत होता. तिला ते काही वेळ ऐकू आलं नाही.

मग तिने ट्रेकडे बघितलं. मोबाइलच्या इवल्या पडद्यावर तिथे नुसती गर्दी दिसायची. इथे पडदा भिंतीएवढा होता. बाबांच्या छातीपुढून आडवा गेलेला हात हिरव्या खड्याच्या अंगठीचा होता आणि त्याच्या चिमटीत तीन फ्राईज होते. ती अंगठी आत्याची. ट्रेच्या उजव्या बाजूने घड्याळाचा पट्टा घातलेला हात कोंबडीच्या सगळ्यात मोठ्या तुकड्यावर होता. तो धाकट्याचा. डावीकडून आईची दोन बोटं बर्गरच्या कडेचा पाव अलगद तोडत होती. थोरलीचा हात तेवढा ट्रेमध्ये नव्हता, कारण ती फोटो काढत होती. फोटो काढून झाल्यावर तोही गेला असणार.

तिला तो काउंटर आठवला. दर वेळी बाबा वळून विचारायचे, कुणाला काय? आई म्हणायची, मला काही नको. धाकटा म्हणायचा, मी खाऊन आलोय. आत्या म्हणायची, मी बाई यातलं काही तोंडात घालत नाही. मग बाबा सगळ्यात मोठं जेवण मागायचे, काउंटरवरचा माणूस त्यांच्या पोटाकडे बघायचा, आणि घरी जाताना आत्या म्हणायची, दादाला आवरा कुणीतरी.

"पेला मोठा करून दाखवा," थोरली म्हणाली.

पेल्यात दोन स्ट्रॉ होते. एक सरळ. दुसऱ्याचं टोक चावून चावून चपटं झालेलं. स्ट्रॉ चावायची खोड घरात एकाच माणसाला होती. आणि साखरेचा कणही चालत नसे तोही त्याच माणसाला.

"छापा," ती म्हणाली. "जसा आहे तसा."

"बर्गरसकट?"

"बर्गरसकट."

"पण हे हात..."

"हात तर मुख्य आहेत."

फोटोवाल्याने मान हलवली. गिऱ्हाईक हे असंच असायचं, चांगलं काम त्याला पचत नाही. ती जायला वळली तेव्हा त्याला दया आली असावी. "तुमचाही एक काढून ठेवूया का?" तो म्हणाला. "दुकानात लावायला. काळजी करू नका, मी आहे ना."

"माझा काढाल तेव्हा चार पावलं मागे जा," थोरली म्हणाली. "मावेन मी."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी दुकानात पोचली आणि शिडीवर चढून स्वतः खिळा ठोकला. आई, धाकटा आणि आत्या आले तेव्हा फोटो भिंतीवर होता. बाबा हसत होते. तीन हात आपापलं काम करत होते.



"मी फक्त हनुवटीचं सांगितलं होतं गं," आई म्हणाली.

"मी पोटाचं," धाकटा म्हणाला. "लोक हसतात, ताई. तुला माहीत नाही का?"

"मला नसेल तर कुणाला माहीत असेल?" थोरली म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं आणि तो चढला नाही, पण गल्ल्यावरची पितळी वजनं ती मांडत होती ती जरा आदळली. "प्रत्येकाने थोडं थोडं काढलं. आई थोडं, तू थोडं, आत्या थोडं. भाजीवाला असाच मारतो काटा, थोडा थोडा. असे काटे बाबा बरोबर केल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. आणि तुम्ही बाबांनाच काट्यात मारलंत."

धाकट्याने घड्याळाचा हात खिशात घातला.

आत्या मात्र काही ऐकत नव्हती. ती फोटोच्या अगदी जवळ गेली होती. आधी तिने अंगठी बघितली, मग चिमटीतले फ्राईज, आणि मग तिचं बोट काचेवरून सरकत पेल्यापाशी येऊन थांबलं.

"हे स्ट्रॉ दोन का आहेत?" तिने विचारलं.

"वन्सं, एक तुमचा," आई म्हणाली.

"पण डाएट दादाला लागायचं."

"त्यांना कुठलं? गंजलेल्या काट्यावरून पाणी ओतल्यासारखं लागतं म्हणायचे. तुम्ही काही घेत नाही म्हणायचात आणि मग त्यांच्याच पेल्यातून प्यायचात. साधा घेतला असता तर साखर चालत नाही म्हणून तुम्ही तोंड लावलं नसतंत. बोलू नकोस म्हणाले मला. तिला उगीच वाटेल, म्हणाले."

आत्या तशीच उभी राहिली. तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि त्या पाठीला काय वाटत होतं ते काही कळत नव्हतं. ज्या गोष्टीवरून ती भावाला इतकी वर्षं हसत आली होती, ती गोष्ट तिचीच निघाली होती. थोरलीला क्षणभर वाटलं, आता हिला बसायला खुर्ची द्यावी.

आत्याने नाक ओढलं.

"वहिनी," ती म्हणाली, "माझं मनगट जरा जाड नाही का आलं? तेवढं त्या माणसाला सांगून..."

"आत्या," थोरली म्हणाली, "या दुकानात काटा मारत नाहीत."

आत्या वळली. डोळे लाल होते, आणि तरी ती हसली. आई हसली, मग धाकटाही हसला, खिशातला हात बाहेर काढून.

पहिलं गिऱ्हाईक फोटोकडे बघत आत आलं आणि तराजू ठेवून गेलं. मग दुसरं आलं. काम लागलं की दुपार कशी होते कळत नाही. भूक लागली तेव्हा थोरलीने ओढणीला हात पुसले आणि समोरच्या बर्गरवाल्याकडे निघाली. दारातून वळून तिने विचारलं, कुणाला काय?

आई म्हणाली, मला काही नको. धाकटा म्हणाला, मी खाऊन आलोय. आत्या तोंड उघडून काहीतरी म्हणणार होती, फोटोकडे बघून गप्प बसली.

काउंटरवर नवा माणूस होता. थोरलीने सगळ्यात मोठं जेवण सांगितलं. त्याने तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, घाई न करता, आणि प्यायला काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, डाएट कोला. तेव्हा त्याला हसू आवरलं नाही.

"एवढं सगळं, आणि वर डाएट?"

"हो," थोरली म्हणाली. "आणि स्ट्रॉ दोन द्या."