कौसल्याकाकूंची एक रुपयाची नोट

कौसल्याकाकूंच्या घरी नोट पाहायची तर आधी हात धुवावे लागतात. पुसायचे नाहीत, पंख्याखाली वाळवायचे. त्यात कोणी शिंकलंच, तर नोटांची वही परत पेटीत जाते.

आमगावात त्या माझ्या शेजारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत जुन्या नोटांच्या वह्या. ब्लाउजचं माप त्या एकदाच घेतात. नोट मात्र भिंगाखाली सात वेळा पाहतात.

एकदा मी एका चुरगळलेल्या नोटेला इस्त्री करून ती कौतुकानं त्यांच्याकडे नेली. त्यांनी कपाळावर हात मारला.

"मास्तर, कायले केलं हे? नोट मेली ना! जुनी हाय म्हणून महाग, असं नसते. मूळचीच करकरीत पाहिजे. टाचणीचं भोक नको, पेनानं लिहिलेलं नको. अन् सही पाहा. ज्या साहेबानं थोडेच दिवस सही केली, त्याची नोट मिळत नाही."

अशाच एका साहेबाच्या सहीची एक रुपयाची नोट त्या अकरा वर्षं शोधत होत्या. वहीत तिची जागा रिकामी होती. माप द्यायला आलेल्या बायकांनाही त्या आधी नोटेचंच विचारत.

त्यातल्याच एकीनं देवरीकडच्या सुकवारोबाईंचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मलाही सोबत देवरीच्या बसमध्ये बसवलं.

सुकवारोबाई जंगलालगतच्या घरात एकट्याच राहायच्या. नवऱ्यानं तेंदूपत्त्याच्या मजुरीतून जपलेल्या नोटा त्यांनी डब्यातून काढल्या. "चालत नाही म्हणे आता. उद्या भांडेवाला येते. सगळ्याच्या बदल्यात स्टीलची कोठी देतो म्हणते."

काकूंनी भिंग लावलं. तिसऱ्या नोटेवर त्यांचा हात थांबला. तीच सही. घडी नाही, भोक नाही.

"आवडली? घेऊन जा," सुकवारोबाई म्हणाल्या.

काकूंनी नोट डब्यात परत ठेवली. "अशी देऊ नको, बाई. या एका नोटेत त्याची अख्खी टोपली येते." मग किती भाव मागायचा, हे त्यांनी सुकवारोबाईंकडून तीनदा म्हणवून घेतलं. "आठ दिवसांनी मी तेवढे घेऊन येते."

परतताना मी विचारलं, "अन् भांडेवाल्यानं तेवढे दिले तर?"

"तर त्याची. तिले भाव माहीत झाला ना आता!"

आठ दिवस काकू मशीनवरून उठल्या नाहीत. सगळ्या मोहल्ल्याचे ब्लाउज शिवून टाकले. मग आम्ही पुन्हा देवरी गाठली. भांडेवाला भाव ऐकूनच निघून गेला होता. सुकवारोबाई "इतके नोको" म्हणत राहिल्या, काकू त्यांच्यावर डाफरत राहिल्या. असली उलटी घासाघीस मी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी काकूच जिंकल्या, पूर्ण भाव देऊन.

नोट वहीत बसली. मला वाटलं, देवरी संपली. पण काकू अजूनही दर मंगळवारी तीच बस धरतात. परवा मी त्यांना स्टँडवर गाठलंच.

"अजून नोटा निघाल्या का तिच्याकडे?"

"नाही."

"मग काऊन जाता?"

बस लागली तशी काकूंनी पिशवी उचलली.

"मंगळवारी ती चहा मांडते, मास्तर," त्या म्हणाल्या. "अन् दोन कप काढून ठेवते."