मामांचे मासे आणि ह्युमिकचं पुडकं

माशांचं शिवराजला काय विचारता! विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये बसून त्यानं तीन महिन्यांत मत्स्यपालनाचे एवढे व्हिडिओ पाहिले होते, की आता फक्त कल्ले फुटायचे बाकी होते. खाल्लेला मासा मात्र एकही नव्हता. गळ्यात माळ होती ना!

"मामा, खाद्यात ह्युमिक मिसळायचं, शेतात टाकतात ती काळी पावडर. आतडी धडधाकट, पचन चोख, रोगराई लांब! चार दिवस हौद माझ्याकडे सोपवा आणि फरक बघा," असं त्यानं सासऱ्यांना, म्हणजे निवृत्त फौजदार प्रतापरावांना, छातीठोक सांगितलं.

प्रतापराव गाणगापूरला निघाले होते. प्लॉटवरच्या हौदात राहू माशाची चाळीस पिल्लं होती, बोटाएवढी, लेकरांसारखी जपलेली. त्यांनी किल्ली दिली आणि मिशीवरून हात फिरवला. "जावईबापू, हे नीट झालं तर पुढे बांधायचेत ते दोन्ही हौद तुमचे. नाही झालं तर किल्ली परत आणि विषय बंद."

पुडक्यावर 'किलोभर खाद्याला दोन ग्रॅम' असं स्वच्छ छापलेलं होतं. पण शिवराज पडला शेतकऱ्याचं पोर! गावाकडे वडील ह्युमिक बादलीत कालवून केळीच्या मुळाशी ओतायचे आणि म्हणायचे, आपण हात आखडला की पीकही आखडतं. शिवराजनं अख्खं पुडकं कालवलं आणि बादली हौदात उपडी केली!

पाणी काळंकुट्ट. मासा दिसेना. खाद्य टाकलं तरी कुणी वर येईना. शिवराज ओरडला.

"यादगिरी! मर गए सब!"

वॉचमन यादगिरी बिडी विझवत म्हणाला, "मरे तो ऊपर आते ना साब. डर के नीचे बैठे हैंगे. रुको जरा."

थांबतो कोण? तेवढ्यात बायकोचा, शिल्पाचा फोन. "अहो, बाबा उद्याच येतायत. मासे कसे आहेत?"

"झ... झकास!" त्यानं ठोकून दिलं. प्रतापरावांनी भल्याभल्यांकडून कबुल्या वदवल्या होत्या. आपण तर चहा यायच्या आतच सगळं ओकू, याची त्याला खात्री होती. मेलेल्यांच्या जागी जिवंत मासे सोडायचे, दुसरा उपाय नाही!

बेगम बाजारात तो नाकाला रुमाल लावून शिरला. "जिंदा मच्छी होना, भय्या. छोटी." विकणाऱ्यानं टबातून वीतभर लांबीचे, वळवळणारे आठ मासे काढून दिले. राहूसारखे ते मुळीच दिसत नव्हते. पण मासा तो मासा, असं आमच्या माळकऱ्यानं ठरवून टाकलं.

ते हौदात सोडले मात्र, आणि काय चमत्कार! काळ्या पाण्यातून चंदेरी पिल्लं सटासट हवेत उडायला लागली. जिवंत! सगळी जिवंत! शिवराजच्या डोळ्यांत पाणी आलं. "देख यादगिरी, ह्युमिक की ताकद! कैसे नाच रहे!"

यादगिरीनं कपाळावर हात मारला. "नाचते नै साब, भागते! आप मरळ लाए. वो छोटी मच्छियां खाते!"

शिवराज कपड्यांनिशी हौदात उतरला. स्वतःचे गुडघे दिसेनात, तिथे मरळ कुठला सापडायला! टोपली झाली, चाळणी झाली, शेवटी अंगातला शर्ट झाला. पायाला काही गुळगुळीत लागलं की तो किंचाळायचा. अंधार पडल्यावर यादगिरीनंच त्याला ओढून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतापरावांनी जाळं टाकलं. आठ मरळ निघाले, लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या वऱ्हाड्यांसारखे, पोटं तुडुंब! पाठोपाठ कोपऱ्यातून एक राहू निघाला. एकच.

घाबरलेला माणूस काहीही बोलतो. "मामा, हा वाचला तो काळ्या पाण्यामुळेच हं! मरळांना दिसलाच नाही!"

प्रतापरावांनी हात पुढे केला. शिवराजला भरून आलं. त्यानं दोन्ही हातांनी तो हात घट्ट धरला आणि दाबला.

"जावईबापू," हात सोडवून घेत प्रतापराव म्हणाले, "किल्ली."