बाहेर जाणारीचा मेंदू

खासबागेत आमच्या घरमालकांच्या, आण्णांच्या दारात आलं, की आधी चेहरा दाखवावा लागतो. मालकांना नव्हे, गांधीलमाश्यांना. चौकटीवर त्यांचं तळहाताएवढं पोळं आहे. "तोंड वर कर रं, बघूदे त्यास्नी!" आण्णा ओरडतात. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन मान वर करून उभा राहतो. आण्णा पोळ्याला सांगतात, "आपलाच हाय ह्यो." मगच आत.

मी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. केस धुऊन मोकळे सोडले, त्या दिवशी मलाही पुन्हा उभं केलं होतं.

"पोळं पाडा की आण्णा," शेजारच्या आक्का म्हणतात.

"तुमची गच्ची पाडू काय आदी?"

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे सर काहीही म्हणाले तरी मी मान डोलावते. प्रोजेक्टला त्यांनी मला गांधीलमाशीचा मेंदू दिला. बाहेर हिंडणाऱ्या सहा आणि पोळ्यातच बसणाऱ्या सहा, सोमवारपर्यंत. मला पोळं एकच माहीत होतं.

चार दिवस मी आण्णांना नुसतं "जेवला काय?" विचारत जिना उतरत होते. शनिवारी तोंड उघडलं.

"आण्णा, बारा माश्या पाहिजेत. कॉलेजला."

"दावायला?"

"न्हाय... डोकी कापून आत बघायचं."

आण्णांचा चहा हातातच राहिला. "डोस्क्यात काय बघतीस गं?"

मी घाईघाईनं सांगत सुटले. जी बाहेर हिंडते, वाटा लक्षात ठेवते, तिच्या मेंदूत त्या कामाचा भाग मोठा असतो, असं वाचलंय. तेच मोजायचं. आता खोली सोडायला सांगणार, असंच मला वाटत होतं.

"आनि जी बाहेर जातच न्हाय, तिचा?"

"बारीक असेल थोडा."

म्हटलं आणि जीभ चावली. बायको गेल्यावर आण्णांनी साड्या विणायचे माग विकले आणि तेव्हापासून ते फाटकाबाहेर पडलेले नाहीत, हे आक्कांनी मला सांगितलं होतं. दूध, भाजी, गोळ्या, सगळं दारात येतं.

कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बाहेर काढली, तर परत वाढतोय काय?"

"मला माहीत नाही, आण्णा. खरंच."

रविवारी पहाटेच्या गारव्यात त्यांनीच बोट दाखवलं. "ह्या सा भटक्या. ह्या सा घरकोंबड्या." मी डब्यात घेत असताना ते पाठ फिरवून उभे होते.

सोमवारी खाली आले, तर इस्त्रीचा शर्ट घालून आण्णा माश्यांचा डबा धरून उभे. "चल, सोडतो कॉलेजात."

कोपऱ्यावर ते थांबले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. जन्म खासबागेत गेलेला माणूस. मी टिळकवाडीतल्या कॉलेजची वाट दाखवायला हात उचलला.

"सांगू नको," आण्णा म्हणाले. "आठवूदे मला."

पहिल्या तासाला दहा मिनिटं उरली होती. मी हात खाली घेतला.