भिंत दौऱ्यावर

राजदीप चहा पिऊन परत आला तेव्हा ऑफिसातली भिंत गेलेली होती.

विटांच्या चारही भिंती जागेवर होत्या. गेली होती ती पाचवी, प्लायवूडची. पण मॉनिटर त्या पाचवीवर होता, आणि मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसवलेला होता कंपनीचा नवा कम्प्युटर, जेवणाच्या डब्यापेक्षाही लहान. टेबलावर बिनतारी कीबोर्ड आणि माउस तेवढे उरले होते. समोरच्या खुर्च्यांवर एका गावच्या नाट्यमंडळाची माणसं बसली होती. शंकरपटाच्या दिवशी गावात बैल पळणार होते आणि रात्रीसाठी त्यांना नाटक हवं होतं. ती तारीख मोकळी आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"इथची भिंत कुठी गेली?" राजदीपने विचारलं.

"आत्ताच हमाल घेऊन गेले," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "लय सांभाळून नेली बा. बाळंतिणीले नेते तशी."

पूर्व विदर्भातल्या वडसा गावात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसं एका ओळीत आहेत, भाजीबाजारात वांग्याचे ढीग असावेत तशी. त्यातल्या 'चांदणवेल' कंपनीत राजदीप हिशेब आणि तारखा पाहायचा. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर. कंपनीचे मालक नानाजी गेली कित्येक वर्षं रंगमंचावर गरीब बापाचं काम करत आले होते आणि ऑफिसात श्रीमंत बापासारखे वागत. कम्प्युटर घ्यायला ते मोठ्या कष्टाने तयार झाले होते, आणि तेही एका अटीवर. या हंगामात एक जरी तारीख दोन गावांना गेली तर यंत्र दुकानात परत जाईल आणि राजदीप पोंभुर्ण्याला भाटव्याच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, मोबाइलच्या दुकानात, लोकांच्या फोनवर काचा चिकटवायला.

कम्प्युटर लहानच घ्यायचा, हे राजदीपने मोजूनमापून ठरवलं होतं. ऑफिसातल्या एकुलत्या टेबलावर फोटोंचे अल्बम, पानाचा डबा आणि नानाजींचे पाय असत. जागा होती ती फक्त भिंतीवर. त्याने ड्रिल मशीन आणून पहिलं भोक पाडलं. भिंत एका विटेची निघाली. ड्रिलचं टोक पलीकडच्या कंपनीच्या ऑफिसात उगवलं, तेही त्यांच्या नायिकेच्या मोठ्या फोटोतून, बरोबर नथीच्या जागी. मग पलीकडची माणसं आली, घरमालक आला, आणि पुन्हा भोक पाडलं तर सामान रस्त्यावर येईल असं ठरलं.

तेव्हा कोलू पुढे आला. कोलू नाटकांचं नेपथ्य उभं करतो. रात्रीतून राजवाडा उभारून पहाटे तो टेम्पोत भरणं हे त्याचं काम. तो म्हणाला, भिंतीसाठी रडता काऊन, आपल्याकडे भिंती पडून आहेत. आणि त्याने गोदामातून एक आणली. 'बाप विकणे नाही' हे जुनं नाटक यंदा लागत नव्हतं, त्यातल्या गरिबाच्या घराची ही भिंत होती. पिवळट रंग, रंगवलेली भेग, रंगवलेली पाल. तिच्यावर राजदीपने लेव्हल लावून, धातूची पट्टी बसवून, मॉनिटर आणि त्याच्या मागे कम्प्युटर असा काही बसवला की त्यालाच समाधानाने भरून आलं. वीज जाऊन आली की यंत्र आपोआप सुरू व्हावं, अशी सोयही त्याने केली. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला तो नियम ऐकवू लागला. कम्प्युटरची पेटी मॉनिटरपासून सुटी करायची नाही, आडवी करायची नाही, मागे चार बोटं हवा सोडायची, धूळ लागू द्यायची नाही. नोंदींची एक प्रत दुसरीकडे ठेवायची, हाही नियम होता. तो मात्र राजदीप स्वतः येत्या रविवारपासून पाळणार होता.

आता त्याने कोलूला फोन लावला. कोलू चामोर्शीच्या पुढच्या एका गावात मंच बांधत होता.

"भाऊ, आज 'बाप विकणे नाही' हाय ना," कोलू म्हणाला. "गाववाले अडून बसले, नानाजी फोनवर हो म्हणाले. त्याच्या चार भिंती. तीन गोदामातल्या, एक तुमच्याकडची. मीच सांगतलं हमालाइले."

"अबे, तिच्यावर कम्प्युटर हाय."

"हाय ना. सुटा करायचा नाई म्हणून तर भिंतीसकट सांगतलं. उभीच येऊन राह्यली. मांगं चार बोटं हवा सोडाले लावली. धूळ नोको म्हणून वरून राणीचा शालू गुंडाळाले सांगतला. तुमचा एक बी नियम मोडला नाई, भाऊ."

राजदीपला या माणसावर रागावण्यासाठी एकही मुद्दा सापडेना. त्याने मंडळाला सकाळपर्यंत थांबायची विनंती केली. अध्यक्ष म्हणाले, मुक्काम वडशातच आहे, सकाळपर्यंत थांबू, मग बाजूच्या कंपनीत जाऊ, ते तारखा तोंडपाठ सांगतात. राजदीपने कीबोर्ड आणि माउस पिशवीत घातले आणि मोटरसायकल काढली. आरमोरी गेली, गडचिरोली गेली. प्रत्येक गतिरोधकावर त्याला टेम्पोतल्या त्या नाजूक स्क्रूंची आठवण येत होती. त्यांना किती कंप सोसेल याचं गणित त्याला मांडता येत होतं. उत्तर वाईट येत होतं, म्हणून तो पुन्हा मांडत होता.

तो पोचला तेव्हा पहिला अंक सुरू झाला होता. त्याने विंगेतून पाहिलं. गरिबाच्या घरात चिमणी मिणमिणत होती, आणि तिच्या मागे भिंतीवर कम्प्युटर झगझगत होता. कोलूने त्याची वायरही जोडून दिली होती, आणि जनरेटर सुरू होताच तो ठरल्याप्रमाणे आपोआप सुरू झाला होता. पडद्यावर कुठल्याशा परदेशातला निळा तलाव होता आणि खाली पासवर्ड विचारलेला होता. बंद करायचं बटण मॉनिटरच्या मागे, चार बोटांच्या फटीत. तिथे हात घालायचा तर भर मंचावर प्रेक्षकांकडे पाठ करून भिंतीला मिठी मारावी लागली असती.

मुलीचं काम करणाऱ्या रंजीताने तो झाकायचा प्रयत्न केला. ती हळूच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यामुळे तिच्या डोक्यामागे कॅलेंडरातल्या देवीसारखं तेज पसरलं आणि मांडवात पहिली खसखस पिकली.

नानाजी आपल्या प्रसिद्ध वाक्यावर आले. कॉलेजात जायचं म्हणून मुलगी रडते आहे आणि बाप म्हणतो, "पोरी, या घरात विकाले आता माह्या चामड्याशिवाय काईच नाई."

या वाक्यानंतर मांडव रडतो. पण त्या दिवशी पुढच्या बांबूपाशी बसलेला कोणीतरी अगदी कळवळून म्हणाला, "बुवा, भिंतीवरचा कम्प्युटर विक ना."

अख्खा मांडव हसला. गरीब बापाला हसणं म्हणजे या धंद्यात तेरावं. नानाजींचा चेहरा पडला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग विंगेत पाहिलं. तिथे राजदीप छातीशी कीबोर्ड धरून उभा होता. उद्या सकाळी आपण काच कशी चिकटवतो याचा सराव त्याचा अंगठा आत्तापासूनच करत होता.

"विकू कसा, पोरी?" नानाजी सावकाश म्हणाले. "तो आपल्या भाडेकरूचा हाय. दुसऱ्याची वस्तू विकून तुले शिकवलं, तर ते शिकणं कोणत्या कामाचं?"

मांडवात शिट्ट्या, टाळ्या, आणि बायकांच्या बाजूने नाक ओढल्याचे आवाज. नानाजींनी वेळ दवडला नाही. विंगेत हात घालून त्यांनी राजदीपला दंडाला धरून उजेडात आणलं. "हा पाहा, आलाच. बस बाबू, तुयं काम कर. आमच्या रडण्याकडे पाहू नोको."

राजदीप स्टुलावर बसला. त्याची पाठ प्रेक्षकांकडे होती. काय करायचं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने जे यायचं तेच केलं. पासवर्ड घातला. तारखांचा तक्ता उघडला. शंकरपटाची ती तारीख मोकळी होती. त्याने मंडळाच्या गावाचं नाव भरलं, जतन केलं, आणि गुडघ्याआड फोन धरून अध्यक्षांना कळवलं. पाठीमागे रंजीता टाहो फोडत होती. आलोच आहोत तर म्हणून त्याने नोंदींची प्रतही फोनवर उतरवून घेतली. बाहेर कधी जायचं ते न समजल्यामुळे तो अंक संपेपर्यंत बसून राहिला.

पडदा पडताच तो स्क्रू काढायला पेचकस घेऊन भिंतीला भिडला. नानाजींनी त्याचा हात धरला. शेजारच्या गावचं मंडळ नाटक पाहायला आलं होतं, त्यांना हेच नाटक हवं होतं, भाडेकरूसकट. आणखी दोन गावांची बोलणी चालू होती.

"मशीन राहीन," नानाजी म्हणाले. "तू बी राहशीन."

राजदीपला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला.

"भिंतीवरच," नानाजी म्हणाले.

धूळ, धक्के, दव, जनरेटरचा चढउतार, हे सगळं राजदीपने क्रमाने समजावून सांगितलं. नानाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोंदी होते ना तिथी?"

"होते."

"मंग?"

तेव्हापासून राजदीप दिवसा वडशाला फोनवर तारखा घेतो आणि संध्याकाळी टेम्पोत भिंतीला धरून बसतो. यंत्र हाती लागतं ते पहिल्या अंकात, म्हणून कंपनीच्या साऱ्या नोंदी पहिल्या अंकात होतात. बाप चामडं विकायला काढतो तेव्हा तो अहेरीकडच्या तारखा भरत असतो. यंत्र अजून बिघडलेलं नाही. बिघडलं असतं तर निदान ते दुरुस्तीच्या निमित्ताने घरी नेता आलं असतं.

परवा पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात नाटक होतं. पुढच्या ओळीत भाटवाही होता. सुटल्यावर एका म्हाताऱ्या रसिकाने सगळ्या कलावंतांना चहा पाजला. नानाजींनी रडवलं म्हणाला, रंजीताबाई तर सख्खी लेक वाटली म्हणाला. मग तो राजदीपकडे वळला आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली आणला.

"भाऊ, तुमाले टायपिंग येत नाई ना? नुसती बोटं हालवून राह्यले होते. दिसून येते."

राजदीपने त्या अंकात फेब्रुवारीचा सगळा महिना भरला होता. त्याने कप खाली ठेवला.

"शिकून राह्यलो, भाऊ," तो म्हणाला.