माश्या ऐकताहेत

खुंटी ठोकायला कुकुमनं हाताशी आला तो दगड उचलला, आणि तो नेमका बायकोचा वरवंटा निघाला. तिसऱ्या ठोक्याला त्याचे दोन तुकडे झाले. खुंटी मात्र अर्ध्यावरच राहिली.

वरवंटा सासिलच्या माहेरचा. बावीस वर्षं मका वाटून तिच्या तळहाताला बसलेला. ती दारात आली, तिनं तुकड्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, छातीभर श्वास घेतला आणि तेवढ्यात तिची नजर वळचणीखाली गेली. तिथे चौदा पोकळ ओंडके रचलेले होते आणि चौदाही मधमाश्यांनी भरलेले होते. घरात भांडण झालं की माश्या घर सोडून जातात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाच दिवसांनी मध काढायचा होता. तो झाडाच्या सालीबरोबर आंबवून केलेली 'बालचे' नावाची दारू व्याह्यांना पाजली, की त्यांच्या लेकीचं, पिशानचं लग्न पक्कं. मध गेला तर सोयरीकही गेली.

कुकुमला हे पुरेपूर माहीत होतं. म्हणून तर घरातली कुठलीही चूक तो ओंडक्यांजवळ उभा राहूनच कबूल करी.

सासिलनं श्वास हळूच सोडला आणि अंगाईच्या सुरात म्हणाली, "अहो, हे हात तुम्हाला कुणी दिले हो? परत घेतात का ते, विचारून या ना."

"विचारतो हं," कुकुम तितक्याच मऊपणे म्हणाला. "येताना तुझ्या जिभेचंही बघतो."

चार दिवस हे असंच चाललं. उसना वरवंटा कच्च्या दगडाचा होता, त्यामुळे भाकरीत कचकच यायची. ती कचकच सासिल हसतमुखानं नवऱ्याच्या पुढ्यात वाढायची. गडग्यापलीकडच्या कोह आजीला शब्द ऐकू येत नसत, सूर तेवढा यायचा. या वयात एवढी माया, म्हणून तिनं आळीभर कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी दोन बायका, काही शिकावं म्हणून, आपापल्या नवऱ्यांना गडग्याशी आणून उभं करून गेल्या. चौथ्या दिवशी ही कीर्ती शेजारच्या गावी नवऱ्यामुलाच्या आईच्या कानी गेली, आणि ओचेलबाई न बोलावता येऊन चटईवर बसल्या.

त्यांचे कान मात्र कोह आजीचे नव्हते. पेजेचा वाडगा रिकामा होईपर्यंत त्या गप्प बसून ऐकत राहिल्या. मग वाडगा पालथा घालून म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे. पण माझा मुलगा मी या घरात देणार नाही."

कुकुमनं कारण विचारलं.

"लग्नानंतर तो पाच वर्षं तुमच्या शेतात राबणार, तुमच्या छपराखाली निजणार. रीतच आहे, त्याला ना नाही. पण आमच्याकडे कुणाला राग आला तर चार घरांना कळतो. इथे मघाशी बाई काय म्हणाल्या? 'खा ना, घशात अडकू दे.' आणि वर हसल्या. अशा घरात माझं पोर कधी वाटलं गेलं, ते त्याला स्वतःलासुद्धा कळायचं नाही."

आत भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबला. पिशान ऐकत होती. सासिलनं एकदा ओंडक्यांकडे पाहिलं, एकदा आतल्या शांततेकडे कान दिला. मध गेला तर कुठून तरी मागून आणता येईल, असा मुलगा कुठून आणणार?

"बसा विहीणबाई," ती म्हणाली. "आता उठू नका."

आणि तिनं सुरुवात केली. वरवंट्यापासून निघून ती मागे मागे जात लग्नाच्या दिवसापर्यंत पोचली. अंगणातल्या टर्की कोंबड्या शेजारी पळाल्या, कोह आजी गडग्यावरून खाली उतरली. कुकुम डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हातांनी ओंडके दाखवत राहिला, तर ते कुणी वाकडे रचले, हा नवा मुद्दा तिला सापडला. ओचेलबाईंचा चेहरा खुलत गेला. मध्ये सासिल दम घ्यायला थांबली, तेव्हा कुकुमबद्दलच्या दोन गोष्टी त्यांनीच सुचवल्या. निघताना म्हणाल्या, "आता कसं माणसांच्या घरात आल्यासारखं वाटलं," आणि लग्नाचा दिवसही ठरवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुकुम वळचणीखाली गेला. एकेका ओंडक्याला त्यानं कान लावला. पहिला गुणगुणत होता. सातवाही. चौदावा तर जरा जास्तच. माश्या बाहेर जात होत्या, पायांना पराग लावून परत येत होत्या. एकीचंही सामान बांधलेलं दिसत नव्हतं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि चौदाव्या ओंडक्यावर बोटानं टकटक केलं.

"जा की गं बायांनो," तो कुजबुजला. "सगळ्या नको. एक ओंडका तरी रिकामा करा."

पाठीमागे दारात सासिल उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिनंही सगळं पाहिलं होतं आणि चौदापर्यंत मोजलंही होतं.

"अरे कुकुम," ती आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत ये. बावीस वर्षांचं बोलायचं राहिलंय."